पाणी, गॅस आणि वाफ: तिन्हीला एकच जीआय पाईप चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बडोद्यात दांडिया बाजारातला जुना वाडा दुरुस्तीला काढलाय. वर कुटुंब राहतं, खाली पन्नास-साठ पानांची खानावळ आहे. जुने नळ सगळे बदलायचे आहेत, पाइपलाइनचा गॅस स्वयंपाकघरात नव्याने फिरवायचा आहे, आणि भात, डाळ, इडलीसाठी छोटा बॉयलर बसवून वाफेची लाईन न्यायची आहे. दुकानदाराचं म्हणणं, "अर्धा आणि एक इंची लाईट क्लास जीआय घ्या, तिन्हीकडे चालून जाईल." जीआय म्हणजे जस्ताचा थर चढवलेला लोखंडी पाईप, आणि लाईट, मीडियम, हेवी हे त्याचे जाडीनुसार क्लास. चालेल का?

नाही चालणार. पण का चालणार नाही ते नीट समजून घ्या, कारण दुकानदार जो हिशोब मांडतो तो वरवर बरोबर दिसतो. गच्चीवरच्या टाकीपासून खालच्या नळापर्यंत आठ मीटर उंची धरली तर दाब येतो ०.८ किलो (दर चौरस सेंटिमीटरला; पुढेही 'किलो दाब' म्हणजे हाच). शेगडीपाशी पाइपच्या गॅसचा दाब २१ मिलिबार, म्हणजे पाण्याच्या जेमतेम २१ सेंटिमीटर उंचीइतका. खानावळीची वाफ १ किलोच्या आसपास. आयएस १२३९ या भारतीय मानकाचा पाईप कारखान्यात सुमारे ५० किलो दाबाला तपासलेला असतो. म्हणजे दाबाच्या हिशोबाने लाईट क्लाससुद्धा तिन्ही कामांत आरामात बसतो. फसगत होते ती इथेच. घरातला पाईप दाबाने मधोमध फुटत नाही, तो सांध्याशी जातो. म्हणून पाईप निवडताना आधी सांधा कसा असणार ते ठरवा, मग आतून काय वाहणार आणि किती गरम ते बघा, आणि शेवटी भाव.

अर्धा इंची पाईपचं उदाहरण घ्या. बाहेरचा व्यास २१.३ मिमी. लाईट क्लासची जाडी २ मिमी, मीडियमची २.६, हेवीची ३.२. एक इंचीत हेच आकडे २.६, ३.२ आणि ४. आता अर्धा इंचीवर डाय, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, मारली की इंचाला १४ आटे पडतात आणि प्रत्येक आट्याची खोली १.१६ मिमी असते. मग आट्याच्या तळाशी लाईट क्लासमध्ये उरतं काय? ०.८४ मिमी. मीडियममध्ये १.४४ आणि हेवीत २.०४. म्हणजे अखंड पाईपमध्ये लाईट आणि हेवीचा फरक दीडपटीचा दिसतो, पण आट्यापाशी तो जवळजवळ अडीचपट होतो. शिवाय डाय मारताना बाहेरचं जस्त निघून जातं. आयएस ४७३६ प्रमाणे हा थर दर चौरस मीटरला ३६० ग्रॅम, म्हणजे सुमारे ५० मायक्रॉन जाडीचा असतो. जिथे पाईप सर्वांत पातळ, तिथेच तो उघडा. जुने नळ काढताना पाईप नेहमी सॉकेटच्या तोंडाशी मोडतो त्याचं कारण हेच.

म्हणून आटे पाडून जोडायच्या पाईपमध्ये लाईट क्लास घेऊच नये, हे माझं स्पष्ट मत आहे. मांडव, कठडा, रेलिंग यांना तो ठीक आहे.

दुकानात क्लास ओळखायला पाईपवरचा पट्टा बघतात: पिवळा लाईट, निळा मीडियम, लाल हेवी. पण पट्टा रंगवता येतो, वजन रंगवता येत नाही. अर्धा इंचीचा ६ मीटरचा जीआय पाईप काट्यावर ठेवा. लाईट ६ किलोच्या आसपास भरतो, मीडियम साडेसात, हेवी पावणेनऊ. थोडा फरक मानकालाही मान्य आहे, पण निळ्या पट्ट्याचा पाईप साडेसहा भरला तर तो मीडियम नव्हे. सोबत पाईपवर कोरलेली आयएसआय खूण बघा. पाईपच्या तोंडातून आत बघा: जस्त आतूनही सलग, राखाडी-चकचकीत हवं. आत काळे डाग किंवा जोडाची उंच शीर दिसली तर परत करा.

आता पाणी. बडोद्यात पाणी महीचं आणि आजव्याचं, त्यात अनेक वाड्यांत बोअरची जोड. महापालिकेचं पाणी ठरावीक वेळी येतं, म्हणजे रस्त्यापासून खालच्या टाकीपर्यंतचा पाईप रोज भरतो आणि रोज रिकामा होतो. पाणी आणि हवा आलटून पालटून मिळाली की लोखंड गंजायला दुसरं काही लागत नाही. हा तुकडा बहुधा मातीतून जातो आणि काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून तिथे धातूचा हट्ट सोडून एचडीपीई हा प्लास्टिकचा पाईप टाकावा. जीआयच घालायचा असेल तर हेवी क्लास, त्यावर गंजरोधक पाईप रॅप टेप एकमेकांवर अर्धी चढवून गुंडाळलेली, आणि सांधे टेपच्या आत.

टाकीतून खाली येणारी उघडी लाईन मीडियम जीआयची ठेवा. ऊन, माकडं, शिडी टेकवणारी माणसं, सगळं ती सोसते. टाकीतून सव्वा इंची, मजल्यावर पाऊण इंची, नळाला अर्धा इंची, अशी उतरती मापं पुरतात. अर्धा इंची पाईप लांबवर नेऊ नका. बोअरच्या जड पाण्यात त्याच्या १६ मिमी पोकळीत क्षार आणि गंजाचे फोड मिळून काही वर्षांत पेन्सिल जाईल इतकीच वाट उरते. भिंतीत गाडायच्या लाईनला सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाण्यालाही चालणारा प्लास्टिकचा पाईप, घ्यावा. विषय धातूचा असला तरी हे सांगणं भाग आहे: चुन्याच्या जुन्या ओलसर भिंतीत जीआय गाडणं म्हणजे पुन्हा भिंत फोडण्याची तयारी. मात्र गिझरला सीपीव्हीसी थेट लावू नये. थर्मोस्टॅट बिघडला तर पाणी उकळीपर्यंत जातं आणि त्या तापात सीपीव्हीसी मऊ पडतो. गिझरच्या तोंडापासून पहिला मीटरभर तांब्याचा किंवा स्टेनलेसचा असू द्या.

गरम पाण्याला जीआय का नको? ६० अंशांच्या वर जस्ताची वागणूक उलटते. थंड पाण्यात ते स्वतः झिजून लोखंडाला वाचवतं. तापलेल्या पाण्यात काही वेळा त्याचा थर लोखंडापेक्षा टिकाऊ होऊन बसतो, आणि मग जिथे ओरखडा किंवा आटा असेल तिथे लोखंडच आतून पोखरलं जातं. गच्चीवरच्या सोलर वॉटर हीटरच्या परतीच्या पाईपमध्ये उन्हाळ्यात पाणी याहून बरंच तापतं. तिथे तांबं बसवा आणि त्यावर इन्सुलेशन चढवा.

तांबं आणि जीआय एकाच वाटेवर आले तर क्रम फार महत्त्वाचा: पाणी आधी जीआयमधून, नंतर तांब्यातून जावं. उलट केलं तर पाण्याबरोबर तांब्याचे सूक्ष्म कण पुढच्या जीआयमध्ये जस्तावर बसतात आणि प्रत्येक कण तिथे एक छोटी बॅटरी तयार करतो. गच्चीवर तांब्याचा सोलर आणि खाली जुन्या जीआयमधून गरम पाणी, ही जोडणी जागोजाग दिसते, आणि खालचा पाईप दोन-चार वर्षांत टाचणीएवढ्या भोकांनी झिरपू लागतो. मध्ये पितळी युनियन घातली तर जोडावरची झीज कमी होते, वाहत येणारं तांबं मात्र थांबत नाही. वर तांबं असेल तर खालीही गरम लाईन तांब्याची, स्टेनलेसची किंवा सीपीव्हीसीची करा.

एक गोष्ट बाथरूमची. फरशीचे डाग काढायला बाजारात जे ॲसिड मिळतं ते हायड्रोक्लोरिक आम्ल. त्याच्या वाफेने जीआयचं जस्त उडतं आणि स्टेनलेसच्या जाळीदार कनेक्शन पाईपला तडे जातात. नवीन काम झाल्यावर गवंडी शेवटच्या दिवशी ॲसिड ओततो, तेव्हा दारं-खिडक्या उघड्या ठेवून भरपूर पाण्याने धुवून घ्या. जुन्या नळांत कुठे मऊ, सुरीने खरवडला की चांदीसारखा चमकणारा तुकडा सापडला तर तो शिशाचा आहे. पिण्याच्या लाईनवर तो इंचभरही ठेवू नका. त्याच कारणाने जुना शिशाचा सफेदा, म्हणजे आट्यांत भरायचा पांढरा लेप, सांध्यांना लावू देऊ नका.

गॅसला पाईप हेवी क्लास जीआय किंवा तांबं, दुसरं काही नाही. आपल्याकडे गॅस कंपनीचीच माणसं हे काम करतात आणि तसंच असायला हवं. मीटरच्या पुढचा पाईपही कंपनीला न कळवता हलवायचा नाही, आणि खानावळीचं व्यापारी कनेक्शन घरच्यापेक्षा वेगळं असतं. तरी काम चालू असताना काय बघायचं ते माहीत असावं.

पाईप पूर्ण उघडा, भिंतीवर क्लॅम्पने धरलेला. प्लास्टरमध्ये किंवा फरशीखाली नाही. भिंतीतून आरपार जाताना मोठ्या पाईपच्या तुकड्यातून, म्हणजे स्लीव्हमधून, आणि स्लीव्हच्या आत सांधा नाही. विजेच्या वायरीपासून आणि वाफेच्या लाईनपासून निदान हातभर दूर. तांब्याचे सांधे ब्रेझिंगने (जास्त तापाला वितळणाऱ्या धातूच्या डागाने) किंवा पितळी कॉम्प्रेशन फिटिंगने करतात, साध्या कल्हईच्या सोल्डरने नाही. सोल्डर सव्वादोनशे अंशांच्या आसपास वितळतं. आग लागली तर सांधा सुटून गॅस त्याच आगीत ओतला जाईल.

जुने प्लंबर आट्यांना ताग आणि सफेदा लावतात. सफेदा शिशाचा नसेल तर पाण्याला ती उत्तम पद्धत आहे, कारण ताग भिजून फुगतो आणि आटे घट्ट भरतो. पण पाइपचा नैसर्गिक गॅस कोरडा असतो. त्यात ताग हळूहळू सुकतो, आकसतो, आणि सांधा महिन्यांनी झिरपू लागतो. काम झालं त्या दिवशी साबणाच्या पाण्याला बुडबुडा नसतो, म्हणून कोणाला संशयही येत नाही. गॅसला टेफ्लॉन टेप किंवा गॅससाठी मान्य असलेलं सीलंटच हवं. टेप आट्यांच्या दिशेने, म्हणजे पाईपच्या तोंडाकडे बघून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, अर्धा इंचीला सहा-आठ वेढे. पहिला आटा मोकळा सोडायचा, नाहीतर टेपची कातरण आत जाऊन शेगडीच्या जेटमध्ये अडकते आणि ज्योत पिवळी होते.

आटे किती असावेत? अर्धा इंचीला सात-आठ पुरे, सुमारे १५ मिमी लांब. हाताने तीन-चार फेरे बसावेत, पान्याने आणखी दोन-तीन, आणि बाहेर एक-दोन आटे दिसावेत. हाताने सगळेच आत गेले तर आटे खोल पडलेत, टेप कितीही गुंडाळली तरी तो सांधा विश्वासाचा नाही. लांबलचक आटे पाडायची सवयही वाईट, कारण उरलेला ०.८४ किंवा २.०४ मिमीचा भाग सॉकेटच्या बाहेर उघडा राहतो. आणखी एक: बाहेरून आलेल्या काही शेगड्यांना आणि बर्नरना अमेरिकी आटे असतात. अर्धा इंचीत दोन्ही पद्धतींत इंचाला १४ आटेच, म्हणून ते एकमेकांत शिरतात. पण आट्याचा कोन आपला ५५ अंश आणि त्यांचा ६०. दोन-तीन फेऱ्यांनंतर पान्याला जोर लागू लागला तर थांबा आणि ॲडॉप्टर आणा.

तपासणी हवेने, पाण्याने कधीच नाही, कारण पाणी खोलगट जागी राहून जातं. शेगडी आणि रेग्युलेटर काढून ठेवा, कमी पट्टीचा गेज लावा, अर्धा तास काटा हलता कामा नये. पाईपवर ऊन येत असेल तर सावली आल्यावर तपासा, नाहीतर तापलेली हवा फुगून बारीक गळती लपवते. मग प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी. काडी लावून बघणारा माणूस कामावर ठेवू नका. शेगडीजवळची रबरी सुरक्षा ट्यूब दीड मीटरपेक्षा लांब नको आणि पाच वर्षांनी ती बदलायचीच, चांगली दिसत असली तरी. पाइपचा गॅस हवेपेक्षा हलका, तो छताकडे जमतो, म्हणून झरोका वर हवा. खानावळीत जोडीला सिलिंडर ठेवणार असाल तर एलपीजी जड असते, तिच्यासाठी जमिनीलगतही जाळी ठेवा. आणि कोणाच्या शेतावर गोबर गॅस असेल तर हे सगळं तिथे लावू नका: त्यातला हायड्रोजन सल्फाइड तांबं आणि पितळ दोन्ही खातो, तिथे प्लास्टिकची लाईनच बरी.

वाफेला मात्र जीआय साफ नाही. तापलेल्या ओल्या वाफेत जस्ताचा थर सुटतो, त्याची पापुद्र्यासारखी कपची होते आणि ती स्टीम ट्रॅपच्या, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणाऱ्या झडपेच्या, बारीक वाटेत जाऊन बसते. जीआयला वेल्डिंग केलं तर जस्ताचा पांढरा धूर निघतो आणि वेल्डरला त्याच संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. वाफेला काळा, म्हणजे जस्त न चढवलेला पाईप, हेवी क्लास किंवा त्याहून बरा सीमलेस (लांबीत जोड नसलेला), आणि सांधे वेल्ड केलेले. व्हॉल्व्हपाशी फ्लँज (बोल्टने आवळायची चकती) घ्या, त्यात ग्रॅफाइट गॅस्केट. पाण्याचा साधा बॉल व्हॉल्व्ह इथे नको, गनमेटलचा किंवा स्टीलचा ग्लोब व्हॉल्व्ह बसवा, तो सावकाश उघडता येतो. ज्या भांड्यात वाफ थेट अन्नाला लागते, म्हणजे इडलीपात्र आणि भाताची वाफ, तिथे शेवटचे काही मीटर स्टेनलेस ३०४ चे करा. स्टेनलेसमध्ये जाडी 'शेड्यूल'ने सांगतात: पातळ शेड्यूल १० फक्त वेल्डिंगला, आटे पाडायचे तर शेड्यूल ४०. हिशोब तोच, आट्यापाशी काय उरतं त्याचा.

तुमच्या खानावळीला एक इंची हेवी पाईप पुरतो. १ किलो दाबाला, वाफेचा वेग सेकंदाला २५ मीटर धरला तर तासाला पन्नासएक किलो वाफ त्यातून जाते. ३ किलो दाबाला दुप्पट जाईल, पण घराखाली दाब वाढवायचा मोह टाळा. १ किलोला वाफ १२० अंशांची असते, जॅकेटच्या, म्हणजे दुहेरी भिंतीच्या, भांड्याला तेवढी भरपूर झाली. ३.५ किलोच्या वर गेलात की लाईन आयबीआर, म्हणजे भारतीय बॉयलर नियमांत येते आणि प्रमाणपत्राचा पाईप व प्रमाणित वेल्डर लागतो. बॉयलर २५ लिटर किंवा त्याहून मोठा आणि १ किलो किंवा त्याहून जास्त दाबाचा असेल तर त्याची नोंदणी लागते, ते विकत घेण्याआधी विचारा.

वाफेच्या लाईनमध्ये खरा शत्रू साचलेलं पाणी. दहा मीटर एक इंची हेवी पाईपचं लोखंड २९ किलो भरतं. सकाळी ते ३० वरून १२० अंशांवर न्यायचं म्हणजे नुसत्या तापवण्यातच अर्ध्या लिटरहून जास्त वाफेचं पाणी होतं. हे पाणी खोलगट जागी थांबलं आणि मागून वाफ आली की पाण्याचा गोळा गोळीसारखा पुढच्या एल्बोवर आदळतो. भिंतीत ऐकू येणारे दणके तेच, आणि त्यानेच व्हॉल्व्हचं तोंड फुटतं. म्हणून पाईपला वाफेच्या वाहण्याच्या दिशेने मीटरला १ सेंटिमीटर उतार द्या. जिथून लाईन वर चढते त्याच्या तळाशी आणि शेवटच्या टोकाला पाणी जमायला खाली लटकता तुकडा, त्याला ट्रॅप. भांड्याकडची फांदी मुख्य पाईपच्या माथ्यातून काढा, पोटातून नाही, नाहीतर पाणी भांड्यात येतं. प्रेशर गेजच्या आधी पाईपचा गोल वेढा, त्यात पाणी भरून, म्हणजे वाफ गेजपर्यंत पोचत नाही. सकाळी सुरू करताना आधी शेवटचा ड्रेन उघडा, मग मुख्य व्हॉल्व्ह पाव फेरा, ड्रेनमधून कोरडी वाफ येईपर्यंत थांबा, मगच पुढे.

दहा मीटर पाईप तापल्यावर सुमारे ११ मिमी लांब होतो. दोन्ही टोकं भिंतीत घट्ट चिणली तर वेल्ड किंवा भिंत, दोन्हीपैकी एक तडकते. एकाच जागी पक्का क्लॅम्प, बाकी पाईप सरकेल असे, आणि मध्ये एखादं काटकोनी वळण. वाड्याच्या तुळया जुन्या कोरड्या सागाच्या असतात. त्यांना पाईप टेकता कामा नये. पाईपभोवती रॉकवूल (तापरोधक दगडी लोकर) ५० मिमी, वर ॲल्युमिनियमचा पत्रा, आणि त्या पत्र्यानंतरही तुळईपासून चार बोटं मोकळी जागा. पत्र्याचे जोड खालच्या बाजूला घ्या. वरून पाणी शिरलं तर भिजलेल्या लोकरीखाली काळा पाईप कोणाला न दिसता गंजतो.

आता शेवटचं, पण कामाला हात घालण्याआधी करायचं. जुन्या वाड्यांत विजेचं अर्थिंग कितीदा तरी पाण्याच्या लोखंडी नळालाच बांधलेलं असतं. त्या नळाचा मीटरभर तुकडा काढून सीपीव्हीसी घातला की अर्थिंग तिथेच तुटतं, पाणी मात्र वाहत राहतं आणि कोणाला कळत नाही. मग गिझरच्या कॉइलमधून वीज गळली तर वरच्या नळाला शॉक. गॅसच्या पाईपला तर अर्थिंगची वायर कधीच बांधायची नाही. म्हणून इलेक्ट्रिशियनला बोलावून मीटरपासून स्वतंत्र अर्थिंग जमिनीत करून घ्या, आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा, नळांना बांधलेल्या जुन्या वायरी शोधून नव्या अर्थिंगला जोडा, आणि त्यानंतरच पहिला नळ कापा.